आला कोण, गेला कोण

चिखलीच्या वाचनालयात रविवारी सकाळी नऊ वाजता जो माणूस खिडकीपाशी बसलेला असतो, त्याच्यासमोर कोणत्याही कथेची स्तुती करायची नाही, असं मला पहिल्याच दिवशी बजावलं गेलं होतं. बजावणारे रशीदभाई टेलर. मी त्यांचं ऐकलं नाही. आदल्याच दिवशी एक जुनी कथा वाचून मी भारावून गेले होते, त्या भरात तिचं नाव घेऊन बोलून गेले, "काय सुंदर कथा आहे ती."

खिडकीपाशी बसलेल्या माणसानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "दार कोनं उघडलं?"

"कोणतं दार?"

"पहिल्या पानावर पाव्हना येते. दार लागेल हाये. कोनं उघडलं?"

मी बारावीला मराठीत शाळेत पहिली आले होते, जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना मराठीच शिकवत होते, आणि मला दार कोणी उघडलं ते सांगता येईना.

"मंग सुंदर कायले म्हनता मास्तरीनबाई," ते म्हणाले, "वाचली त नाही. वाचली त नाही."

महत्त्वाचं वाक्य ते दोनदा म्हणत. त्यांची सगळी नोकरी बसस्टँडवर गेली होती. काचेच्या केबिनमध्ये बसायचं, कोणती गाडी किती वाजता आली आणि किती वाजता गेली त्याची नोंद करायची आणि माइकवरून ती पुकारायची. गाडी दोनदा पुकारावी लागते, कारण पहिल्यांदा कोणाचं लक्षच नसतं. ती सवय जिभेला अशी बसली की घरी भाजीत मीठ कमी पडलं तरी ते दोनदा कळवत. सगळे त्यांना कंट्रोलर काका म्हणत. निवृत्त झाल्यावरही तेच नाव राहिलं, आणि खरं नाव विचारायचं कोणाला कधी सुचलं नाही.

कथांच्या नादाला ते लागले ते एका गैरसमजातून. कोणीतरी प्रवासी फलाटावरच्या बाकावर एक पुस्तक विसरून गेला. कव्हर फाटलेलं, पानं पिवळी पडलेली, जुन्या नावाजलेल्या कथांचा संग्रह. हरवलेल्या सामानाच्या रजिस्टरात 'सामानाचे वर्णन' असा एक रकाना असतो. छत्री सापडली तर 'काळी, एक काडी मोडलेली' असं लिहायचं. पिशवी सापडली तर आत काय काय आहे तेही लिहायचं. काकांनी विचार केला की पुस्तक हे पिशवीतच मोडतं. आत काय आहे ते लिहिलं नाही तर उद्या कोणीही उठेल आणि माझं आहे म्हणेल. म्हणून त्यांनी ते वाचायला घेतलं.

आता कथेत काय आहे ते कसं लिहायचं, हे त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं. नोंद त्यांना एकच येत होती. कोण आला, कोण गेला. तीच त्यांनी चौदा कथांची केली आणि रजिस्टरला अकरा पानं टाचणीनं जोडून दिली. ती पानं पाहून साहेब काय म्हणाले, हे काका सांगत नाहीत. पुस्तकाचा मालक काही आला नाही.

"आला असता त त्याले एक इचारायचं होतं," ते म्हणत. "तिसऱ्या गोष्टीतला भाऊ दुकानात गेला, तो वापस काऊन नाही आला?"

तेव्हापासून त्यांची पद्धत ठरली ती ठरलीच. रविवारी आम्ही पाच-सहा जण जमत असू. काका रेघांचा कागद काढत आणि त्यावर रकाने पाडत. नाव, आला, गेला, कायले आला, आणि शेवटी शेरा. मग एकानं वाचायचं आणि बाकीच्यांनी नजर ठेवायची. कथेतल्या घरात माणूस शिरला की नोंद, बाहेर पडला की नोंद. शेरे ठरलेले असत. 'वेळेवर', 'लेट', 'विनाकारण थांबा'. 'सुंदर' हा शेरा त्यांच्याकडे नव्हता. रशीदभाई एकदा वैतागून म्हणाले, "अरे भाई, अफसाना हाये का बसस्टँड?" काकांनी शांतपणे सांगितलं की दोन्हीकडे लोक येतात आणि जातात, आणि नोंद नसली की भांडणं होतात.

मी तिथं गेले ती कथा लिहायला शिकायला. खोटं कशाला सांगू, मला एकच कथा लिहायची होती, बाबांवर. बाबा जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. त्यांनी मला शिकवलं, घरात जागा नसताना जागा करून दिली, आणि त्याबद्दल कुठं एक ओळ लिहिलेली नव्हती. ती मला लिहायची होती. कथा चुकली तर बाबांवर अन्याय होईल, असं मला मनापासून वाटत असे. त्यामुळे इतरांना रविवारची करमणूक होती ती मला परीक्षा वाटायची.

पण काका कोणाची कथा लगेच वाचत नसत. आधी दुसऱ्याची वाचायची. आम्ही त्या बेवारस पुस्तकातली एकच कथा चार महिने वाचली. नऊ पानांची. एक म्हातारा बाप लेकीच्या सासरी जातो, दुपारी जेवतो आणि संध्याकाळी परत निघतो. बस, एवढंच. पहिल्या महिन्यात मला ती कंटाळवाणी वाटली. दुसऱ्या महिन्यात काकांचा कागद भरत आला तेव्हा दिसायला लागलं की लेक आख्ख्या कथेत दोनदाच दाराच्या चौकटीत येते. पहिल्यांदा पाण्याचा तांब्या ठेवून जाते, एक शब्द बोलत नाही. दुसऱ्यांदा ती बापाशी बोलते, आणि ते कधी, तर सासू शेजारी ताक द्यायला गेलेली असते तेव्हा. चार ओळी. सासू परत येते आणि लेक आत जाते.

"आता सांगा," काका म्हणाले, "सासूले ताक घेऊन काऊन पाठोलं?"

कोणी म्हणालं, शेजारधर्म. मी म्हणाले, वातावरणनिर्मिती. हा शब्द मी परीक्षेत फार वापरलेला होता.

"फलाट मोकळा कराले," काका म्हणाले. "ते गाडी हालल्याबिगर दुसरी लागत नाही. पोरीले बापासंगं बोलायचं होतं. लेखकानं सासूले उठोलं, चार ओळीचा टाइम देल्ला, आन वापस आनलं. त्या चार ओळीसाठी नऊ पानं लिहिले त्यानं. त्या चार ओळीसाठी."

त्या दिवशी मी घरी जाऊन त्या चार ओळी पुन्हा वाचल्या. लेक बापाला विचारते की आपल्या विहिरीला पाणी आहे का. बाप म्हणतो, आहे. दोघंही त्यापलीकडे काही बोलत नाहीत. मी इतकी वर्षं मुलांना 'कथेची मध्यवर्ती कल्पना लिहा' असं सांगत होते आणि त्या लेकीला मी दोन महिन्यांपूर्वी पाहिलंही नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली, आणि आनंदही झाला. आपल्याला वाचता येत नव्हतं हे कळायचा आनंद फार विचित्र असतो. सोमवारी शाळेत मी फळ्यावर रकाने पाडले. चौथीची पोरं त्यात माझ्यापेक्षा तरबेज निघाली. धड्यातला कुत्रा दुसऱ्या परिच्छेदानंतर कुठं गेला, हे त्यांनी मला विचारलं, आणि ते पुस्तकात कुठंच नव्हतं.

काकांच्या या नजरेचं घरात मात्र काही चालत नसे. काकू ते हसत हसत सांगत. एकदा त्या सकाळच्या गाडीनं बहिणीकडे गेल्या, जाताना ताट झाकून ठेवलं, आणि सांगूनही गेल्या. काका कथेच्या कागदात गुंतलेले. दुपारी ते जेवले, स्वयंपाकघराकडे तोंड करून "आमटी मस्त झाली, आमटी मस्त झाली" म्हणाले, झोपले, उठले, आणि चहा काऊन नाही आला म्हणून रुसून बसले. काकू संध्याकाळी परत आल्या तेव्हा रुसवा अजून चालू होता. "गोष्टीतल्या बाईची नोंद हाये याहीच्यापाशी," काकू म्हणायच्या, "घरातली बाई विदाउट तिकीट." यावर काका मान खाली घालून कागदाची घडी करत.

शेवटी सहाव्या की सातव्या महिन्यात ते मला म्हणाले, "आना तुमची."

मी अकरा वेळा फिरवून लिहिलेली कथा आणली. ती अशी होती. आमचं गावातलं घर दोन खोल्यांचं, आणि मागे एक अर्धी खोली, उत्तरेला खिडकी असलेली. त्या अर्ध्या खोलीत बाबांची मोठी बहीण राहायची, माझी आत्या. नवरा लवकर गेला म्हणून ती आमच्याकडे आली होती. मी अकरावीत गेले तेव्हा शाळेचे सर घरी आले आणि बाबांना म्हणाले की पोरीला अभ्यासाला वेगळी जागा हवी. मी म्हणाले, "आत्याची खोली द्या मला." बाबांनी एक क्षणही विचार केला नाही. "घे," ते म्हणाले, "तिचं काय, ती ओट्यावरही झोपीन." त्याच संध्याकाळी खोली माझी झाली. त्या खोलीत मी बारावी केली, डी.एड.चा अर्ज भरला, आणि आज मी जी आहे ती झाले. मुलीसाठी बापानं घरातली भिंत सरकवावी, अशी ती कथा होती. शेवट वाचताना माझा मलाच गहिवर आला.

रशीदभाईंनी डोळे पुसले. "वल्ला, क्या बाप था," ते म्हणाले.

काका कागद भरत होते. पुरा झाल्यावर त्यांनी तो माझ्यासमोर सरकवला. बाबा आले, गेले. सर आले, गेले. मी आले, गेले. चौथ्या ओळीत आत्या. 'आली: पहिलं पान, चहा घेऊन.' त्यापुढचा 'गेली' हा रकाना कोरा होता.

"हे बाई दारात उभी हाये," काका म्हणाले. "तुमची गोष्ट सरली तरी उभीच हाये. कप तिच्या हातात हायेत. कोनं घेतले नाहीत."

"राहून गेलं असेल," मी म्हणाले. "चहा दिला आणि आत गेली. ती महत्त्वाची नाही काका. कथा बाबांची आहे."

"गेली का?"

"गेली असेल."

"मंग लिहा तसं. चार शब्दाचं काम हाये."

रशीदभाईही म्हणाले, "हाव बेटा, चार लफ्ज टाकून दे. कोनाले समजते?"

मी पेन उघडला. 'आत्या आत निघून गेली.' चारच शब्द होते. ते लिहायला मी हात कागदावर टेकवला आणि मला ते दार दिसलं. खरं दार, आमच्या घराचं, निळा रंग उडालेलं. आत्या त्यात उभी होती, हातात ताटली, ताटलीत चार कप. मी खोली मागितली तेव्हा ती तिथंच होती. बाबा "तिचं काय" म्हणाले तेव्हाही तिथंच होती. सरांनी मान डोलावली तेव्हाही. मला हे इतकी वर्षं माहीत होतं, आणि अकरा वेळा लिहूनही मी ते वाचलं नव्हतं.

"लिहा ना," काका म्हणाले.

"ती गेली नव्हती," मी म्हणाले. "काका, ती खरीच गेली नव्हती."

गोष्टीतली आत्या माझी खरी आत्या आहे हे काकांना तेव्हाच कळलं असावं, पण त्याबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. त्यांनी फक्त माझ्या हातातून पेन काढून घेतला आणि टोपण लावलं.

"मंग तिले आत धाडू नका. पहिले पाहा, ते काऊन उभी हाये."

इतकं महत्त्वाचं वाक्य, पण ते एकदाच म्हणाले. तेव्हा माझ्या ते लक्षात आलं नाही, नंतर आलं.

काका अजूनही रविवारी तिथंच असतात. आता डोळ्याला फार दिसत नाही म्हणून नोंदी दुसरे करतात आणि ते ऐकतात, पण कोणी एखाद्या पात्राचं जाणं विसरलं की लगेच बोट वर करतात. गेल्या महिन्यात एक नवी मुलगी आली आणि म्हणाली, "कथा अप्रतिम आहे." रशीदभाईंनी माझ्याकडे पाहून कपाळाला हात लावला. माझी कथा काकांनी पुढे किती जणांना वाचायला लावली त्याची गणती नाही, आणि छापून आल्यावरही शेरा 'लेट' असाच दिला. मला त्याचं वाईट वाटलं नाही. तो अगदी बरोबर होता.

कारण त्या रविवारनंतरच्या शनिवारी मी खामगावला गाडी बदलून जळगाव जामोदला गेले. माझ्या बारावीनंतर आत्या तिकडे तिच्या सासरच्या पुतण्याकडे राहायला गेली होती. भांडण झालं नव्हतं. कोणी तिला जा म्हणालं नव्हतं, आणि कोणी राहा असंही म्हणालं नव्हतं. लग्नात, मयतीत भेट व्हायची तेवढीच. रस्ताभर मी पिशवीतल्या कागदांवर हात ठेवून बसले होते. तिनं जर ऐकलं नसेल, तर आपण जाऊन उगाच जुनं उकरतो आहोत. आणि ऐकलं असेल, तर काय तोंडानं जातो आहोत. गाडीत दोनदा मनात आलं की पुढच्या स्टँडवर उतरावं आणि परत फिरावं.

आत्या अंगणात गोणपाटावर बसून चिंचा फोडत होती. मी पाया पडले. "जयभीम आत्या."

"जयभीम. एकटीच आली? सारं ठीक हाये ना?"

"तुले काही वाचून दाखवाचं हाये," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग गोणपाटावर सरकून मला जागा केली. मी वाचायला लागले. बाबा, सर, मी. तिचा हात चालू होता. टरफल एका बाजूला, चिंचोके दुसऱ्या बाजूला. ती चहा घेऊन दारात येते तिथं मी कागदावरून नजर उचलली नाही. बाबांचं ते वाक्य मी जसंच्या तसं वाचलं. संपल्यावर कागद मांडीवर ठेवले.

"माह्या भावाचा बोल बराबर लिहिला," आत्या म्हणाली. "तसाच बोले तो."

"आत्या, तू आयकलं होतं?"

"आयकलं ना. मी तथीच त होती."

"मंग आत काऊन नाही गेली? कोनं चहा बी घेतला नाही."

तिनं एक चिंच उचलली, बोटानं दाबून पाहिली. तिच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर मला सोपं गेलं असतं.

"मले वाटलं, कोनी तरी मले इचारीन," ती म्हणाली. "खोली त माही होती. तुले हो म्हनायले उभी राह्यली मी."

मी रडले. लपवून ठेवण्यासारखं त्यात काही नाही. बाबांवर माझं प्रेम होतं आणि अजून आहे, पण त्या घरात जे द्यायचं होतं ते दुसऱ्याच माणसाजवळ होतं, आणि ते ती हातात घेऊन उभी होती, आणि आम्ही तिघांनी ते तिच्याकडून काढून घेतलं. मागितलं असतं तर तिनं दिलंच असतं. तिनं मला रडू दिलं आणि दोन-तीन चिंचा फोडल्या. मग मी पदरानं तोंड पुसलं, आणि तेव्हा विचारायला हवं होतं ते विचारलं.

"आत्या, तुही खोली मले अभ्यासाले देशीन का?"

तिनं हातातली चिंच ठेवली, बोटं गोणपाटाला पुसली, आणि ती खरोखरच विचार करते आहे हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मी वाट पाहिली.

"हाव, घे," ती म्हणाली. "पन दुपारची मी तथीच कोपऱ्यात पडून राहीन. तू वाचत बसजो. मोठ्यानं वाचत जाजो, म्हंजे मले बी आयकू येईन."